माग आणि मागमूस : कालप्रवासी रहस्यकथा, अन्वेषिका आणि चांद्याचा भूतकाळ

रहस्यकथेच्या रचनेविषयी त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये केलेली मांडणी आता सर्वपरिचित आहे. प्रत्येक रहस्यकथेत दोन कथा असतात : एक गुन्ह्याची आणि दुसरी शोधाची. पहिली कथा शोध सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. दुसरीत प्रत्यक्ष असे फारसे काही घडत नाही, जे घडून गेले ते कळत जाते. शोध घेणारा पहिल्या कथेबाहेर उभा असतो आणि या बाहेर असण्यातच त्याचे संरक्षण व अधिकार दोन्ही सामावलेले असतात. कालप्रवासी रहस्यकथा नेमके हे अंतर पुसून टाकते. तिच्यातील शोधकर्ता गुन्ह्याच्या काळात जाऊन उभा राहतो. तेव्हा घडून गेलेली कथा पुन्हा घडू लागते आणि शोध घेणारा स्वतःच तिच्यातील एक पात्र होतो. हा शोधकर्ता पुरुष नसून आधुनिक स्त्री असेल, तर या रचनेतील ताण आणखी वाढतो. तिच्यापाशी उत्तरे शोधण्याची विद्या आहे. पण ज्या काळात ती जाते त्या काळात प्रश्न विचारण्याचा अधिकार तिला नाही.

इंग्रजीत या वाङ्मयप्रकाराने गेल्या चार दशकांत चांगलेच मूळ धरले आहे. कॉनी विलिस यांच्या 'डूम्सडे बुक' (१९९२) मध्ये किव्हरिन ही इतिहासाची विद्यार्थिनी मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पाठवली जाते. तिच्यापुढचे पहिले कोडे म्हणजे आपण नेमके कोणत्या वर्षात येऊन पडलो आहोत हे. त्याचे उत्तर प्लेगचे १३४८ हे वर्ष, असे निघते. त्याच लेखिकेच्या 'टू से नथिंग ऑफ द डॉग' (१९९८) मध्ये व्हेरिटी ही संशोधिका १९३० च्या दशकातील रहस्यकादंबऱ्यांची वाचक आहे आणि व्हिक्टोरियन काळातील घटनांकडे ती त्यांच्याच चष्म्यातून पाहते. ज्युली मॅकएल्वेन यांच्या 'अ मर्डर इन टाइम' (२०१६) मधील अन्वेषिका अमेरिकी केंद्रीय तपासयंत्रणेतून थेट १८१५ च्या इंग्लंडमध्ये जाते. केली आर्मस्ट्राँग यांच्या 'अ रिप थ्रू टाइम' (२०२२) मध्ये व्हँकुव्हरची पोलीस अधिकारी १८६९ च्या एडिंबरोमध्ये एका मोलकरणीच्या देहात जागी होते. तपासाची सगळी आधुनिक विद्या तिच्या डोक्यात आहे. पण ती ज्या तोंडाने बोलते ते तोंड मोलकरणीचे आहे. हे शेवटचे योजन फार बोलके आहे. भूतकाळात ज्ञान पुरत नाही, ते कोणाच्या तोंडून निघते हे तिथे निर्णायक ठरते, याची कबुली त्यात आहे. या परंपरेच्या कडेला उभी असलेली ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' (१९७९) रूढ अर्थाने रहस्यकथा नाही. परंतु १९७६ मधून गुलामगिरीच्या काळात खेचली जाणारी तिची कृष्णवर्णीय नायिका परतताना आपला एक हात गमावून येते. भूतकाळ पाहून कोरडेपणाने परत येता येत नाही, हे या लेखिकेने इतरांच्या आधी आणि इतरांहून कठोरपणे सांगून ठेवले.

या सर्व कृतींमागे दोन गृहीतके आहेत. पहिले, गतकाळातील घटनेचे एक निश्चित सत्य असते व तिथे पोहोचता आले तर ते हाती लागते. दुसरे, ते ओळखणारी दृष्टी आधुनिकतेपाशी असते. त्या काळातील माणसांपाशी, विशेषतः स्त्रियांपाशी, ती नसते. ही गृहीतके मराठी भूमीवर, त्यातही चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात, कितपत टिकतात हे पाहणे या प्रकाराच्या मर्यादा समजून घेण्यासाठी उपयुक्त ठरते.

२

मराठीत ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा यांचे संसार दीर्घकाळ वेगळे राहिले. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड' (१८७१) पासून ऐतिहासिक कादंबरीने वाचकाला थेट गतकाळात नेऊन बसवले. मधला दूत ठेवला नाही. दुसरीकडे बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांतील झुंजार, काळा पहाड ही पात्रे वर्तमान महानगरात वावरली. इतिहास हा राष्ट्रीय अस्मितेचा विषय मानला गेल्यामुळे त्याची उलटतपासणी करणारे पात्र कादंबरीत आणणे अनुचित वाटले असावे, आणि रहस्यकथेला वाङ्मयाच्या अंगणात पंक्तीचा मान नसल्यामुळे तिच्या हाती इतिहास सोपवणे तर त्याहून अशक्य होते.

तरीही उलटतपासणी झालीच. ती दुसऱ्या वाटांनी झाली. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचा एक प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतो, जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. शास्त्रार्थाने हा कालप्रवास नव्हे, पर्यायी विश्वातील प्रवेश आहे. पण गंगाधरपंतांची वागणूक अन्वेषकाचीच आहे. ते ग्रंथालय गाठतात, इतिहास कोठे वळला ते ग्रंथांतून हुडकतात आणि परततात तेव्हा त्यांच्यापाशी पुरावा म्हणून बखरीचे एक पान उरते. पुराव्याचे रूप येथे कागदाचे आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तोही पानिपतपर्यंतच्या कालखंडाशी निगडित होता. अस्सल कागद हाती लागला की इतिहासाचे कोडे सुटते, ही राजवाडेकालीन श्रद्धा नारळीकरांच्या विज्ञानकथेतही सूक्ष्म रूपाने टिकून आहे.

दुसरी वाट इरावती कर्वे यांची. 'युगान्त' (१९६७) ही कादंबरी नाही, तिच्यात कालयंत्रही नाही. तथापि एक आधुनिक, मानवशास्त्रात मुरलेली स्त्री महाभारताच्या काळात शिरून तिथल्या माणसांना प्रश्न विचारते, हे तिचे स्वरूप नाकारता येणार नाही. धर्मराज हा विदुराचा पुत्र असावा काय, हा त्या ग्रंथातील प्रश्न थेट रहस्यकथेच्या जातीचा आहे : दुर्लक्षित तपशील एकत्र आणायचे, नात्यांच्या रूढी पडताळायच्या आणि एका दडलेल्या शक्यतेकडे बोट दाखवायचे. परंतु इरावतीबाई ही शक्यता न्यायाधीशाच्या निवाड्यासारखी मांडत नाहीत. गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे वळताना त्यांचा प्रश्न 'हे कोणी केले' येथे थांबत नाही. 'हे सोसताना या स्त्रीला काय कळत होते' इथपर्यंत तो जातो. मराठीतील अन्वेषिकेचा खरा पूर्वज शोधायचाच, तर तो एखाद्या रंगीत वेष्टनाच्या पुस्तकापेक्षा या लेखसंग्रहात सापडतो. गंगाधरपंत कागद घेऊन परततात. इरावतीबाई प्रश्न घेऊन परततात. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

३

चांद्याच्या गोंड राजवंशाची सलग कथा आज ज्या रूपात सांगितली जाते, तिचा मोठा आधार मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा १८६९ चा अहवाल हा आहे. आर्मस्ट्राँग यांची अन्वेषिका एडिंबरोत जागी होते तेच हे वर्ष, हा योगायोग विचाराला चालना देणारा आहे. शेतसारा ठरवण्याच्या कामी आलेल्या एका परकीय अधिकाऱ्याने जमिनीच्या नोंदींशेजारी राजांच्या आख्यायिका लिहून ठेवल्या. त्यातील आरंभीच्या राजांच्या कालगणनेवर नंतरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले. पण कथा मात्र त्याच साच्यातून पुढे गेल्या. म्हणजे येथे अस्सल कागद आहे तो मुळात ऐकीव गोष्टींचा, आणि तो तयार झाला तो महसुलाच्या निमित्ताने.

या कथांतील नगरस्थापनेची कथा रहस्यकथेच्या अभ्यासकाला विशेष मोलाची आहे. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी उठलेल्या असतात. राणीच्या सल्ल्याने तो सिरपूर सोडून वर्धा नदीच्या उत्तर तीरावर येतो व बल्लारपूर वसवतो. एकदा शिकारीत तहानलेला असताना झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्याला एका छिद्रातून झिरपणारे पाणी मिळते. तो ते पितो, हातपाय धुतो आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागते. सकाळी गाठी नाहीशा झाल्याचे ध्यानात येते ते राणीच्या. ती राजाला आदल्या दिवसाचा तपशील विचारते, त्याच्यासह त्या जागी जाते, गवत दूर करविते. तेव्हा खडकात उमटलेली, पाण्याने भरलेली गाईची पावले दिसतात. हेच पुढे अचलेश्वराचे स्थान झाले. नंतर राजाला एक विलक्षण दृश्य दिसते : कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा कुत्र्याच्या मागे लागला आहे. राजा चकित होतो. त्या दृश्याचा अर्थ लावते ती पुन्हा राणी. सशाच्या मार्गावरून तटाची रेषा आखून नगर वसवावे, असे ती सुचवते. चांदा शहर असे उभे राहिले, असे परंपरा सांगते.

इतिहास म्हणून या कथेचे मोल काहीही असो, कथन म्हणून तिची रचना स्पष्ट आहे. राजा पाहतो, राणी वाचते. एक लक्षण नाहीसे झालेले दिसणे, आदल्या दिवसाच्या हालचालींची विचारपूस, स्थळाची पाहणी, झाकलेले उघडे करणे, पावलांचे ठसे आणि त्यांवरून निष्कर्ष, असा तपासाचा संपूर्ण क्रम येथे आहे. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादले की, चिखलातील पाऊल, मोडलेली फांदी, अडकलेले केस यांवरून न दिसलेल्या प्राण्याची कथा रचणारा शिकारी हाच कदाचित पहिला कथाकार असावा, आणि होम्ससारख्या अन्वेषकाची तर्कपद्धती त्याच कुळातील आहे. मराठी भाषेला हे नाते सिद्ध करून दाखवावे लागत नाही. 'माग काढणे' हा शब्दप्रयोग वाटाड्यालाही लागतो आणि पोलिसालाही. 'मागमूस' न उरणे हे जनावराचेही होते आणि माणसाचेही. वनप्रदेशात ही विद्या कोणा एका तज्ज्ञाची मिरासदारी नाही, ती रोजच्या जगण्याचा भाग आहे. तेव्हा आधुनिक अन्वेषिका आपली तीक्ष्ण दृष्टी घेऊन चांद्यात उतरली, तर तिथली जागा रिकामी नसेल. त्या जागेवर एक राणी आधीच बसलेली आहे. कथेने तिला बुद्धी दिली, मात्र तिचे नाव सहसा सांगितले जात नाही, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

४

या राजवंशाच्या कथेत खुनाचे एक प्रकरणही आहे. वीरशहाची कन्या देवगडच्या घराण्यात दिलेली होती. तिच्या अपमानावरून वीरशहाने देवगडकरांशी युद्ध केले आणि जावयाचे मस्तक महाकालीला अर्पण केले, अशी आख्यायिका आहे. पुढे दुसऱ्या विवाहाच्या प्रसंगी हिरामण नावाच्या राजपुताने वीरशहाची हत्या केली, असे सांगितले जाते. त्या हिरामणच्या शस्त्राभोवती अद्भुताचे वलय आहे. वीरशहाला पुत्र नव्हता. त्याची राणी हिराई हिने रामशहाला दत्तक घेतले आणि त्याच्या वतीने राज्य चालवले; तिच्या कारभाराचा काळ साधारणतः १७०४ ते १७१९ असा दिला जातो. चंद्रपुरातील वीरशहाची देखणी समाधी आणि महाकाली मंदिराचे आजचे रूप यांचे श्रेय परंपरा तिलाच देते.

आता या प्रकरणात कालप्रवासी अन्वेषिका उतरवून पाहावी. तिच्या विद्येचा पहिला प्रश्न ठरलेला आहे : या मृत्यूने लाभ कोणाचा झाला? दुसरा विवाह टळला. पट्टराणीचे स्थान अबाधित राहिले. सत्ता तिच्या हाती आली. हिराई आणि हिरामण या नावांतील साम्यही एखाद्या उतावळ्या लेखकाला सूचक वाटेल. पन्नास पानांच्या आत राणी संशयित ठरेल आणि शेवटच्या प्रकरणात समाधीची भव्यता ही अपराधी मनाची साक्ष म्हणून पुढे केली जाईल. यातील एकाही विधानाला पुराव्याचा आधार नाही. परंपरेत राणीवर असा आरोप नाही. दस्तऐवजात तसे सूचन नाही. तरीही निष्कर्ष अटळ भासतो, कारण तो सामग्रीतून आलेला नसून वाङ्मयप्रकारातून आलेला आहे. रहस्यकथेला उपेक्षित पण लाभार्थी असे पात्र लागते आणि नवऱ्यामागे राज्य करणारी विधवा त्या साच्यात आयती बसते.

येथे या प्रकाराचा एक अंतर्विरोध उघड होतो. आधुनिक स्त्रीला भूतकाळात पाठवण्यामागे तिथल्या मूक स्त्रियांना वाचा देण्याचा हेतू सांगितला जातो. प्रत्यक्षात शोधाचे तर्कशास्त्र तिला त्याच स्त्रीच्या विरोधात उभे करते. सत्ता हाती घेणारी स्त्री संशयास्पद असते, हा दरबारी पुरुषांचा जुना समज आधुनिक तपासपद्धतीच्या नावाने पुन्हा प्रतिष्ठित होतो. अन्वेषिका स्त्री असल्यामुळे तो समज निर्दोष दिसतो, इतकाच काय तो फरक.

५

दुसरे प्रकरण आजच्या गडचिरोली जिल्ह्याच्या हद्दीतील जमीनदाऱ्यांचे, १८५८ मधले. बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव केला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथील तारायंत्र कामगारांच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. पीटर हा तिसरा निसटला व त्याने वृत्त पोहोचवले. त्यानंतर उपायुक्त क्रिश्टन यांनी अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. लक्ष्मीबाईंना अडपल्ली-घोट भागातील प्रदेश बक्षीस मिळाला.

या घटनेत रहस्य नाही. गुन्हा कोणाचा, हत्या कोणी केली, पकडून कोणी दिले, हे सर्व सरकारी दप्तरात नमूद आहे. रहस्य आहे ते शब्दांचे. हल्ल्याच्या वेळचा वृत्तान्त पोहोचला तो निसटलेल्या एका इंग्रजाकडून. सरकारी दप्तराने लक्ष्मीबाईंच्या कृत्याला 'राजनिष्ठा' म्हटले, नंतरच्या राष्ट्रीय स्मरणाने त्यालाच 'फितुरी' म्हटले. दोन्ही शब्द बाहेरून आलेले आहेत. झाशीची राणी लक्ष्मीबाई त्याच वर्षी जूनमध्ये रणांगणावर पडली आणि अहेरीची लक्ष्मीबाई सप्टेंबरात एका बंडखोराला स्वाधीन करती झाली. नामसाम्यामुळे ही तुलना वारंवार सुचते आणि दर वेळी तुलनेचा निकाल आधीच लागलेला असतो. चांद्यातील सर्वांत मोठ्या जमीनदारीची धारक असलेल्या या स्त्रीपुढे कोणते पर्याय होते, नकार दिला असता तर अहेरीचे काय झाले असते, हे विचारणे म्हणजे तिला दोषमुक्त करणे नव्हे. बाबुरावांचे बलिदान त्याने उणे होत नाही. मात्र गुन्हेगार आणि निरपराध या दोनच खणांची पेटी घेऊन आलेल्या अन्वेषिकेला हा प्रश्न विचारताच येणार नाही. इरावतीबाईंच्या पद्धतीचा उपयोग येथे आहे. झुंजारच्या पद्धतीचा नाही.

६

आणखी एक अडचण या दोन्हींहून मूलगामी आहे. कालप्रवासी कथेला 'भूतकाळ' नावाचे वेगळे, दूरचे स्थान लागते. चंद्रपूर-गडचिरोलीविषयीच्या नागर लेखनात मात्र हे स्थान कालयंत्राशिवायच तयार केलेले आढळते. एटापल्ली-भामरागडकडे जाणारा प्रवासी आपण काही शतके मागे आलो, असे लिहितो. योहानेस फेबियन यांनी 'टाइम अँड द अदर' (१९८३) मध्ये मानवशास्त्रावर हाच आक्षेप घेतला. समोर बसलेल्या, त्याच क्षणी उत्तर देणाऱ्या माणसाला अभ्यासक लेखनात मात्र दुसऱ्या काळात ढकलतो. त्याचे समकालीनत्व नाकारतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा एका आधुनिक राज्याच्या प्रशासकीय निर्णयातून जन्मला. त्याचे रस्ते, खाणी, वनकायदे आणि बंदुका या सगळ्या वर्तमानातल्या गोष्टी आहेत. तिथला माडिया माणूस एकविसाव्या शतकातच राहतो.

या दृष्टीने पाहता, 'भूतकाळात' गेलेल्या आधुनिक स्त्रीचे वास्तवातील रूप म्हणजे वनप्रदेशात गेलेली संशोधिका होय. दुर्गा भागवत तरुणपणी मध्य प्रांताच्या आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडल्या. तिथे जडलेल्या आजाराने त्यांना काही वर्षे अंथरुणाला खिळवले आणि पीएच. डी.चे काम अपुरे राहिले. 'किंड्रेड'ची नायिका हात गमावून परतते, हे रूपक आहे; दुर्गाबाईंच्या आयुष्यात त्याची किंमत शब्दशः मोजली गेली. पण त्यांच्या पुढील लोकसाहित्यविषयक लेखनाचे वैशिष्ट्य असे की, लोकपरंपरा म्हणजे मृत अवशेष, अशी भूमिका त्यांनी घेतली नाही. ज्यांच्याकडून गोष्ट ऐकायची ती माणसे आपल्याच काळातली आहेत, या जाणिवेत कालप्रवासाचा मोह आवरलेला आहे.

चांद्याच्या महाकालीची चैत्रातील यात्रा आजही भरते. मराठवाड्यातून आणि तेलंगणातून माणसे येतात. वीरशहाची आणि हिराईची कथा त्यांच्यासाठी संपलेले प्रकरण नाही. म्हणजे तोदोरोव्ह यांच्या मांडणीतील पहिली कथा, जी संपलेली असायला हवी, ती येथे संपलेलीच नाही; आणि ती सांगणारे, ऐकणारे व तिच्यावर हक्क असणारे लोक हयात आहेत. अशा ठिकाणी अन्वेषिका केवळ प्रश्न विचारू शकत नाही. ती कोठून आली, कोणाच्या वतीने विचारते, उत्तर मिळाल्यावर ते कोणाच्या दप्तरात जाणार, हे तिला विचारले जाईल. १८६९ च्या अधिकाऱ्याला हे कोणी विचारल्याची नोंद नाही. त्याच्यामागे सत्ता होती.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पार्श्वभूमीवर मराठीत अशी कादंबरी लिहिली जाईल तेव्हा तिची कसोटी वेषभूषेच्या अचूकतेने किंवा कालयंत्राच्या शास्त्रीयतेने लागणार नाही. खडकावरील पावले प्रथम वाचणाऱ्या त्या अनाम राणीला ती अन्वेषिकेच्या बरोबरीने बसू देते की नाही, हिराईला आरोपीच्या पिंजऱ्यात ढकलण्याचा सोपा मार्ग ती टाळते की नाही, आणि उलटतपासणीस स्वतः उभी राहते की नाही, यावर ती लागेल. प्रश्न विचारणारीने आधी उत्तर द्यावे लागेल, हा त्या भूमीचा रहस्यकथेला घातलेला दंडक आहे.